‘जागा शिल्लक नाही’ : सर्व्हर असे सांगतो तेव्हा

पावसाळा सुरू झाला की मराठवाड्यातील धरणांच्या पाणीसाठ्याचे आकडे वृत्तपत्रांत टक्केवारीत छापून येऊ लागतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर बांधलेल्या सिद्धेश्वर धरणाचा आकडाही त्यांत असतो. या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे २५० दशलक्ष घनमीटर आहे. उपयुक्त साठ्याची क्षमता मात्र सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर एवढीच. उरलेला सुमारे दोन तृतीयांश भाग मृतसाठा म्हणून गणला जातो. त्यामुळे ‘सिद्धेश्वर शून्य टक्के’ असे वाचून धरणावर गेलेल्या माणसाला तेथे दूरवर पाणी पसरलेले दिसते आणि छापलेला आकडाच चुकला असावा, असे वाटते. आकडा चुकलेला नसतो. तो कोणत्या साठ्याचा आहे, एवढेच पाहायचे राहून गेलेले असते.

मोठ्या संगणकांच्या साठवणुकीबाबतही नेमका हाच घोटाळा होतो. युनिक्स किंवा तिच्या कुळातील लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरने ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, म्हणजे ‘साधनावर जागा शिल्लक नाही’, असा संदेश द्यावा आणि तपासून पाहावे तर निम्मी डिस्क मोकळी दिसावी, हा अनुभव अशा यंत्रणा सांभाळणाऱ्यांना नवा नाही. सर्व्हर एकटा नसून अनेक संगणकांचा समूह, म्हणजे ‘क्लस्टर’, असेल तर गुंता आणखी वाढतो. जागा संपली हे खरे, पण कोणती जागा आणि कोणत्या संगणकावरची?

हा प्रश्न सिद्धेश्वरच्या परिसराशी आता थेट जोडला गेला आहे. याच औंढा तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वत: मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे यंत्र अद्याप उभारणीच्या टप्प्यात आहे. मात्र लायगोच्या अमेरिकेतील यंत्रांकडून मिळणाऱ्या नोंदींचे विश्लेषण महाराष्ट्रात अनेक वर्षे चालू आहे. पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रातील ‘सारथी’ हा संगणकसमूह त्यासाठीच वापरला जातो. पुढे दिलेली उदाहरणे कोणत्याही एका केंद्रातील नाहीत. वैज्ञानिक गणन जेथे जेथे समूहावर चालते, तेथे तेथे ती कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

साठ्याचा अंदाज येण्यासाठी थोडा हिशेब उपयोगी पडेल. लायगोच्या मुख्य संकेताची नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते. एक नोंद आठ बाइटची धरली तर चोवीस तासांचा मजकूर सुमारे ११ गिगाबाइट भरतो. म्हणजे दिवसभराचे आकाश खिशातल्या पेन ड्राइव्हवर मावते! जागा खातात त्या सोबतच्या नोंदी. जमिनीचा कंप, आरशांची स्थिती, लेसरची तीव्रता, हवेतील आवाज, चुंबकीय क्षेत्र अशा दोन लाखांहून अधिक वाहिन्या प्रत्येक यंत्रामागे असतात आणि यंत्र चालू असताना दररोज काही टेराबाइट माहिती साचते. मुख्य संकेतात आलेली थरथर दूरच्या कृष्णविवरांची की जवळून गेलेल्या मालमोटारीची, हे या वाहिन्यांवाचून ठरविता येत नाही. म्हणून त्या ‘फालतू’ समजून पुसताही येत नाहीत.

यातील जोखीमही समजून घेतली पाहिजे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच टिपली गेलेली गुरुत्वीय लहर यंत्रात सुमारे ०.२ सेकंद दिसली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचा संकेत सुमारे १०० सेकंद टिकला, पण लिव्हिंग्स्टन येथील यंत्रात मीलनाच्या सेकंदभर आधी एक गोंगाटाचा झटका आला होता. मूळ नोंदी जशाच्या तशा हाताशी असल्याने तो झटका वेगळा काढता आला आणि आकाशातील स्रोताची जागा दुर्बिणींना कळविता आली. निसर्ग असा प्रयोग मागणीनुसार पुन्हा करीत नाही. मूळ नोंदींच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवल्या जातात, हे खरे. विश्लेषण करणाऱ्या समूहावर मात्र पणाला लागलेले असतात ते आठवडेच्या आठवडे चाललेल्या गणनाचे निष्कर्ष, आणि त्यांची दुसरी प्रत बहुतेकदा कोठेही नसते.

समूहाची रचना थोडक्यात अशी असते. वापरकर्ते ज्या संगणकावर प्रवेश करतात तो प्रवेश-नोड. प्रत्यक्ष गणिते करणारे शेकडो गणन-नोड. आणि सर्वांना नेटवर्कवरून सारखीच दिसणारी सामायिक साठवण. याखेरीज प्रत्येक नोडच्या पोटात त्याची स्वत:ची लहान डिस्क असते. तात्पुरत्या फाईली, कार्यप्रणालीच्या नोंदवह्या, चालू कामाचा कच्चा माल हे सारे तिच्यावर जाते. कोणते काम कोणत्या नोडवर पाठवायचे हे रांग सांभाळणारी आज्ञावली ठरविते. लायगोशी संबंधित समूहांवर त्यासाठी प्रामुख्याने विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात तयार झालेली ‘एचटीकॉन्डोर’ वापरली जाते.

अशा यंत्रणेत ‘जागा नाही’ हा संदेश पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो, आणि संदेशाचे शब्द बहुधा तेच असतात.

आकड्यांची भाषा

पहिली आज्ञा सर्वांना ठाऊक असते : ‘डीएफ’. ती प्रत्येक फाईल-व्यवस्थेची एकूण जागा, वापरलेली जागा आणि उपलब्ध जागा दाखविते. वापरलेली आणि उपलब्ध यांची बेरीज केली तर ती एकूण आकड्याइतकी भरत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. लिनक्सच्या ‘ईएक्सटी’ घराण्यातील फाईल-व्यवस्था पाच टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठी, म्हणजे ‘रूट’साठी, राखून ठेवते. सामान्य वापरकर्त्याची जागा संपली तरी व्यवस्थापकाला आत शिरून दुरुस्ती करता यावी, हा एक हेतू. दुसरा हेतू वेगाचा. डिस्क अगदी काठोकाठ भरली की नव्या फाईलीचे तुकडे मिळेल त्या कोपऱ्यात टाकावे लागतात आणि वाचन-लेखन मंदावते. बर्कली येथे मार्शल कर्क मॅक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्ससाठी जी वेगवान फाईल-व्यवस्था रचली (तिच्यावरील लेख १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला), तिच्यात याच कारणाने दहा टक्के जागा मोकळी ठेवली जात असे. त्या घराण्यातील ‘फ्रीबीएसडी’वर रूटने राखीव जागेत हात घातला तर ‘डीएफ’ १०० टक्क्यांहून अधिक आकडा दाखविते. शून्य टक्के असताना पाणी दिसणाऱ्या धरणाची ही उलटी आवृत्ती म्हणायची.

पाच टक्क्यांचे हे प्रमाण डिस्का लहान असताना ठरले. वीस टेराबाइटच्या फाईल-व्यवस्थेवर ते पूर्ण एक टेराबाइट होते. केवळ माहिती साठविणाऱ्या, कार्यप्रणाली नसलेल्या भागावर हे प्रमाण कमी करता येते, आणि बहुतेक ठिकाणी ते करणे शहाणपणाचे असते. ज्या भागावर कार्यप्रणाली आहे, त्याला मात्र हात लावू नये.

दुसरी मर्यादा जागेची नसून संख्येची असते. फाईल कितीही लहान असो, तिच्या मालकाचे नाव, परवानग्या, वेळ आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे याची नोंद ठेवणारे एक टिपण लागते. त्याला ‘आयनोड’ म्हणतात. ‘ईएक्सटी-४’ मध्ये ही टिपणे किती असावीत, हे फाईल-व्यवस्था तयार करतानाच ठरून जाते. नेहमीचे प्रमाण १६ किलोबाइटमागे एक असे आहे. म्हणजे एका टेराबाइटमागे सुमारे सहा कोटी. आता प्रत्येकी एक किलोबाइटच्या फाईली लिहीत गेले तर काय होईल? लहानातली लहान फाईलही नेहमीच्या मांडणीत चार किलोबाइटचा एक ठोकळा अडविते. सहा कोटी फाईलींनी सुमारे २४० गिगाबाइट व्यापतील आणि आयनोड संपतील. तीन चतुर्थांश डिस्क मोकळी आणि नवी फाईल मात्र एकही नाही! ‘डीएफ’ला आयनोड मोजण्याचा पर्याय देऊन विचारले, तरच हे कळते.

हा प्रसंग गुरुत्वीय लहरींच्या शोधात सहज ओढवू शकतो. गोंगाटात दडलेला संकेत ओळखण्यासाठी अपेक्षित संकेतांचे नमुने आधीच तयार करून ते नोंदींशी ताडून पाहतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या कामांपैकी काही महत्त्वाचे काम संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी आयुकात १९९० च्या दशकाच्या आरंभी केले. २०१५ च्या पहिल्या संकेताच्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले. एखाद्या नवख्या विद्यार्थ्याने प्रत्येक नमुन्याचा निष्कर्ष वेगळ्या फाईलीत लिहिला आणि हे शंभर कालखंडांसाठी केले, तर अडीच कोटी फाईली होतात. जाणती आज्ञावली म्हणूनच असे निष्कर्ष एकत्र बांधून मोजक्या मोठ्या फाईलींत ठेवते. सर्वांसाठी खुल्या केलेल्या लायगोच्या नोंदीही ४,०९६ सेकंदांच्या फाईलींत बांधलेल्या असतात. सेकंदाला ४,०९६ नोंदी या दराने अशा एका फाईलीत १,६७,७७,२१६ नोंदी मावतात.

तिसरी मर्यादा व्यक्तिगत वाट्याची, म्हणजे ‘कोटा’ची. येथे संदेश बहुधा वेगळा असतो. तो वाट्याचा उल्लेख करतो. तरीही मधल्या आज्ञावल्या मूळ संदेश गिळून ‘लिहिता आले नाही’ एवढेच सांगतात. वाट्याच्या दोन पातळ्या असतात. मऊ मर्यादा ओलांडली तरी काही दिवस, नेहमीच्या मांडणीत सात, लिहिता येते. ती मुदत संपली की तीच कडक मर्यादा होते. ‘काल रात्रीपर्यंत सारे ठीक चालले होते, मी काहीच बदलले नाही,’ ही विद्यार्थ्याची तक्रार म्हणूनच अक्षरश: खरी असू शकते.

नाव गेले, ताबा राहिला

व्यवस्थापकांना सर्वांत अधिक चकविणारा प्रकार चौथा. मोठी फाईल पुसली, पण जागा वाढली नाही. युनिक्समध्ये पुसणे म्हणजे डिरेक्टरीतील नाव काढून टाकणे. जोवर एखादी आज्ञावली ती फाईल उघडून बसलेली आहे, तोवर मजकुराची जागा मोकळी होत नाही. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले तरी वहिवाटदार शेत कसत राहावा, तसे हे आहे. फाईलींची प्रत्यक्ष बेरीज करणारी ‘डीयू’ ही आज्ञा नावांवरून चालते, त्यामुळे तिला ही फाईल दिसत नाही. ‘डीएफ’ ठोकळे मोजते, त्यामुळे तिला दिसते. दोन्हींच्या आकड्यांत मोठी तफावत आली की प्रथम हा संशय घ्यावा. उघड्या फाईलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’ ही आज्ञा नाव नसलेल्या फाईली आणि त्या धरून बसलेली आज्ञावली दाखविते. ती आज्ञावली नीट बंद करून पुन्हा सुरू केली की जागा सुटते. सतत वाढणारी नोंदवही पुसण्याऐवजी जागच्या जागी रिकामी करणे हा त्यावरचा साधा उपाय. अर्थात तिच्यातील मजकुराचे काम उरलेले नसेल तरच.

समूहावर याला आणखी एक पदर आहे. ‘एनएफएस’ या पद्धतीने वाटलेल्या सामायिक डिस्कवरील फाईल ज्या नोडवर उघडी आहे, त्याच नोडवरून पुसली तर ती नाहीशी न होता टिंब-एनएफएस अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या विचित्र नावाने उरते. ती का पुसली जात नाही, म्हणून माणूस वैतागतो. दुसऱ्या नोडवरून पुसली तर उघडून बसलेल्या आज्ञावलीला ‘स्टेल फाईल हँडल’ असा संदेश मिळतो आणि ती कोसळते. साठवणीच्या सर्व्हरवर उघड्या फाईलींची यादी मागून या दोन्हींचा उलगडा होत नाही. ज्या नोडवर फाईल उघडी आहे तो नोड शोधावा लागतो. शेकडो नोडांत तो शोधायचा म्हणजे रांगेच्या नोंदी उघडून कोणते काम कोठे चालले होते, ते पाहणे आले.

‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांच्यातील तफावतीचे आणखी एक कारण गमतीदार आहे. सामायिक डिस्क काही कारणाने जोडली गेली नाही आणि रात्रभर कामे तिच्या रिकाम्या डिरेक्टरीत लिहीत राहिली, तर तो सारा मजकूर नोडच्या स्वत:च्या लहान डिस्कवर साचतो. सकाळी सामायिक डिस्क जोडली की ती वर येऊन बसते आणि खालचा मजकूर झाकला जातो. आता तो कोणालाच दिसत नाही, जागा मात्र अडलेली असते. जोडणी क्षणभर सोडविल्यावर, किंवा मूळ फाईल-व्यवस्था दुसऱ्या ठिकाणी जोडून पाहिल्यावर, तो सापडतो.

या सर्वांहून घातक म्हणजे उशिरा कळणारी चूक. नेटवर्कवरील डिस्कवर लिहिताना मजकूर आधी नोडच्या स्मृतीत साठतो व नंतर सर्व्हरकडे जातो. जागा संपल्याची वार्ता त्यामुळे लिहिण्याच्या क्षणी न येता फाईल बंद करताना येऊ शकते. लिहिताना चूक झाली का, हे बहुतेक आज्ञावल्या तपासतात; बंद करताना झाली का, हे तपासण्याचा कंटाळा अनेकजण करतात. मग काम ‘यशस्वी’ म्हणून नोंदले जाते आणि फाईल अर्धीच असते. गणन करणाऱ्यांना हा दोष क्षुल्लक वाटतो. वस्तुत: जागेच्या साऱ्या तक्रारींत खरे नुकसान करणारा दोष हाच, कारण बाकीचे निदान आरडाओरडा तरी करतात.

समूहातील कृष्णविवर

मोठ्या समूहांवर सामायिक साठवण एका सर्व्हरवर नसते. ‘लस्टर’सारख्या समांतर फाईल-व्यवस्थेत ती अनेक साठवण-घटकांत विभागलेली असते आणि मोठ्या फाईलीचे पट्टे निरनिराळ्या घटकांवर पसरलेले असतात. बेरजेने पाहिल्यास तीस टक्के जागा मोकळी असेल; पण एखाद्याने अवाढव्य फाईल एकाच घटकावर लिहिली आणि तो घटक भरला, तर त्या घटकावर पट्टा असलेल्या इतर फाईलींनाही ‘जागा नाही’ असे उत्तर मिळते. एका वापरकर्त्याला लिहिता येते, शेजारच्याला येत नाही, आणि दोघेही खरे सांगत असतात. येथे बेरजेचा आकडा न पाहता घटकवार आकडे पाहावे लागतात. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची दोन धरणे एकाच नदीवर असूनही त्यांचे साठे वेगवेगळे छापले जातात. वरच्या येलदरीत भरपूर पाणी आहे, एवढ्यावरून सिद्धेश्वरहून निघणाऱ्या कालव्याचा हिशेब लागत नाही. ते पाणी आधी खाली सोडावे लागते.

आता नोडच्या पोटातील लहान डिस्केकडे. समजा, चारशे नोडांपैकी एका नोडची तात्पुरती डिस्क भरली. त्या नोडवर गेलेले काम पहिली फाईल लिहितानाच, काही सेकंदांत, मरते. नोड लगेच रिकामा होतो. रांग सांभाळणाऱ्या आज्ञावलीला दिसते ते एवढेच, की हा नोड मोकळा आहे. ती त्याला पुढचे काम देते. तेही मरते. बाकीचे नोड प्रामाणिकपणे तासन् तास गणिते करीत असताना हा एकच नोड रात्रभरात हजारो कामे गिळून टाकू शकतो. अशा नोडला या व्यवसायात ‘ब्लॅक होल’ म्हणजे कृष्णविवर असेच म्हणतात. कृष्णविवरांचा शोध घेणाऱ्या समूहावर हा शब्द ऐकताना नवख्याचा गोंधळ उडणे साहजिक आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे : अयशस्वी कामांची यादी नोडच्या नावानुसार लावावी. साऱ्या अपयशांवर एकच नाव दिसले तर दोष कामांत नसून नोडमध्ये असतो. तो नोड प्रथम रांगेतून बाहेर काढावा आणि मग सावकाश दुरुस्त करावा. काम देण्यापूर्वी नोडवर किमान किती जागा आहे, हे तपासून घेण्याची अट घातली तर ही पाळी येत नाही.

बँका, वीजमंडळे, आरक्षण केंद्रे यांतील समूह गणनासाठी नसून अखंड सेवेसाठी असतात. दोन सर्व्हर, दोघांच्या मध्ये एक सामायिक डिस्क; एक पडला की दुसरा डिस्क ताब्यात घेऊन काम पुढे चालवितो. येथे जागा कमी पडली म्हणून डिस्कचा भाग वाढविला जातो तो चालू असलेल्या सर्व्हरवर. वाढलेल्या मांडणीची माहिती दुसऱ्या सर्व्हरला देण्याचे राहून गेले तर महिनोन् महिने काही बिघडत नाही. ज्या रात्री पहिला सर्व्हर पडतो, त्याच रात्री दुसऱ्याला डिस्क जोडता येत नाही. त्याहून मोठा धोका दोघांनी एकाच वेळी डिस्क जोडण्याचा. समूहासाठी न बनविलेली साधी फाईल-व्यवस्था दोन्हीकडून एकदम जोडली गेली, की दोन्ही सर्व्हर एकमेकांना न विचारता लिहू लागतात आणि काही क्षणांत तिची चाळण होते. म्हणूनच संशयित सर्व्हरचा वीजपुरवठा तोडून, किंवा त्याची डिस्केची वाट बंद करून, मगच दुसऱ्याने ताबा घ्यावा अशी योजना असते. ही योजना ‘उगाच त्रास देते’ म्हणून बंद करून ठेवणारे महाभाग सर्वत्र आढळतात. दुरुस्तीची ‘एफएससीके’ ही आज्ञा चालविण्यापूर्वीही ती डिस्क दुसऱ्या कोणत्याच सर्व्हरवर जोडलेली नाही, याची खात्री करावी लागते.

काही संदेश जागेचे वाटतात, पण असतात यंत्रदोषाचे. ‘इनपुट-आउटपुट एरर’ आला किंवा फाईल-व्यवस्था अचानक ‘फक्त वाचनासाठी’ झाली, तर जागा शोधत बसू नये. कार्यप्रणालीने डिस्कमध्ये बिघाड पाहून लेखन थांबविलेले असते; ती सक्तीने पुन्हा लेखनासाठी उघडणे म्हणजे फुटक्या भांड्यात पाणी ओतणे. कर्नलची नोंदवही वाचून, शक्य तेवढा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि मग दुरुस्तीस हात घालावा. साधी ‘डीएफ’ आज्ञाच उत्तर न देता अडकून राहिली, तर बहुधा नेटवर्कवरील एखादा साठवण-सर्व्हर बंद पडलेला असतो.

पुसण्याच्या घाईबद्दल एक घटना सांगण्यासारखी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठवणीवरून सुमारे ७७ टेराबाइट मजकूर, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाईली, नाहीशा झाल्या. चौदा संशोधनगटांना त्याची झळ बसली आणि त्यांतील चार गटांचा मजकूर परत मिळविता आला नाही. हल्ला झाला नव्हता, डिस्कही बिघडली नव्हती. दहा दिवसांहून जुन्या नोंदवह्या पुसून जागा करणारी एक छोटी आज्ञावली होती. ती चालू असतानाच तिची सुधारलेली आवृत्ती जुनीवर लिहिली गेली. अर्ध्यावरून नवा मजकूर वाचला गेल्याने डिरेक्टरीचे नाव ठेवणारी चलसंज्ञा रिकामीच राहिली आणि नोंदवह्यांऐवजी संशोधकांच्या फाईली पुसल्या गेल्या. यंत्र पुरविणाऱ्या कंपनीने जबाबदारी पूर्णत: स्वीकारली, फाईली त्यामुळे परत आल्या नाहीत. जागा भरल्याने कामे थांबतात. जागा करण्याच्या नादात मात्र कामे नष्ट होतात, आणि या दोहोंतील फरक मध्यरात्री, रांगेत हजार कामे अडली असताना, डोळ्यांसमोर राहत नाही.

म्हणून अनुभवी व्यवस्थापक पुसण्याआधी हलवितात. संदेश शब्दश: उतरवून घेणे, तो ज्या नोडवर आला त्याच नोडवर जाऊन, ज्या डिरेक्टरीत लेखन अडले तिच्यापुरतीच जागा आणि आयनोड पाहणे, मग कोटा, मग उघड्या फाईली असा त्यांचा क्रम असतो. ‘डीयू’ ते शेवटी चालवितात आणि तेही एकाच फाईल-व्यवस्थेपुरते. कोट्यवधी फाईली असलेल्या सामायिक डिस्कवर वरपासून ‘डीयू’ चालविली, तर प्रत्येक आयनोड वाचण्याच्या ओझ्याने आधीच धापा टाकणारी साठवण आणखी मंदावते. शिवाय उत्तर येईपर्यंत सकाळ होते. जागेची तातडी असेल तर सर्वांत मोठ्या, पुन्हा तयार करता येण्याजोग्या फाईली (कोसळलेल्या आज्ञावल्यांनी मागे टाकलेले स्मृतीचे ठसे, दाबून लहान न केलेल्या नोंदवह्या, मूळ साठ्यातून परत आणता येतील अशा प्रती) दुसऱ्या साठवणीवर नेल्या जातात. संशोधकाच्या निष्कर्षांना त्याला विचारल्यावाचून हात लावला जात नाही. उपलब्ध जागा वीस टक्क्यांवर आली की सूचना आणि दहावर आली की इशारा, अशी घंटा बांधलेली असेल तर ही सारी धावपळ दिवसाउजेडी करता येते. घंटा आयनोडांसाठीही वेगळी बांधावी लागते, हे अनेकांना पहिल्या अपघातानंतरच सुचते.

जागा मोकळी झाल्यावर रांगेतील कामे आपोआप सुरू होत नाहीत. एचटीकॉन्डोर निष्कर्ष लिहू न शकलेली कामे ‘रोखून’ ठेवते; ती एका आज्ञेने सोडावी लागतात. त्याहून किचकट काम म्हणजे जागा संपल्यापासून ती मिळेपर्यंतच्या काळात ‘यशस्वी’ ठरलेली कामे तपासणे. त्या वेळेत लिहिल्या गेलेल्या फाईलींची यादी काढावी, शून्य बाइटच्या फाईली वेगळ्या कराव्यात, एकाच जातीच्या फाईलींत ज्यांचा आकार इतरांहून लहान आहे त्या बाजूला घ्याव्यात आणि जेथे पडताळणीची बेरीज नोंदलेली असेल तेथे ती जुळते का, हे पाहावे. जेथे जुळत नाही, ती कामे नव्याने रांगेत लावली जातात.